घर त्याचं, राहणं तुझं

माय, तुला जाऊन आता दहा वर्षं होतील, आणि आज रविवारी जेवणं उरकून सगळे आडवे झालेत तेव्हा मी तुला लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, हे मला कुणी सांगायला नको. मी धुळ्याहून पाठवलेलं कार्ड तू शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घ्यायचीस, आणि ते माहीत असल्यामुळे मी कार्डात कधी धड काही लिहिलंच नाही. मी मजेत आहे, तू तब्येतीला जप, संपलं. आज मध्ये वाचणारं कुणी नाही. तेव्हा लपवायला जागाही नाही, आणि मला लपवायची सवय किती आहे ते तुला पुढे कळेलच.

जळगावच्या त्या दोन खोल्यांपासून सुरुवात करतो. मालकांच्या घरामागे, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, पुढच्या खोलीत चूल आणि जातं, मागच्या खोलीत आपण दोघं. बाबा गेल्यावर तू मला घेऊन पारोळ्याहून तिथे आलीस तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. सतरा वर्षं राहिलो आपण तिथे. उन्हाळ्यात पत्र्यावर, खाटांवर, मिळेल तिथे तू विकायला केलेले बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत असायचे आणि ज्वारीच्या त्या शिजलेल्या पिठाचा वास माझ्या शाळेच्या शर्टालासुद्धा यायचा. पहिल्याच वर्षी तू मालकांना राखी बांधलीस. त्यांना सख्खी बहीण नव्हती, तुला भाऊ नव्हता. तेव्हापासून तू त्यांची अक्का, ते तुझे भाऊ आणि माझे मामा. भाडं तू दर महिन्याला त्यांच्या हातात नेऊन द्यायचीस. एकदा तू बिचकत पावतीचं काढलंस तर त्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, “अक्का, बहिणीला कुणी पावती देतं का? लोक हसतील मला.” तुला ते इतकं गोड वाटलं की तू चार बायकांना सांगत सुटलीस. माझा भाऊ पावती देत नाही, याचा अभिमान बाळगणारी तू एकटीच असशील.

मी शिकलो, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि धुळ्याला एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागलो. दिवसभर दावे, नोटिसा, जबाब. कोण कुणाला घराबाहेर काढतंय आणि कोण निघत नाही म्हणतंय, हे मी तीन-तीन कार्बन घालून बडवायचो. म्हणजे या बाबतीत मी अडाणी होतो असं म्हणायची सोय नाही. तू म्हणाली असतीस तर शोभलं असतं, मला नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात मी दोन दिवस घरी आलो होतो. मला अजून सगळं दिसतं. सकाळची वेळ आहे, तू चहा टाकलायस, मामा येऊन उंबऱ्यावर बसतात. वर बघतात आणि म्हणतात, “अक्का, औंदा नुसती खारी माती टाकून भागायचं नाही. लाकडं कुजली आहेत. पाऊस लागायच्या आत सगळं धाबं उतरवून नवं करतो. पंधरा दिवस सामान काढून दे, किल्ली माझ्याकडे ठेव, मग तुझी तू परत ये.” तू माझ्याकडे बघतेस. मामा गेल्यावर चुलीतलं लाकूड मागे सारता सारता, माझ्याकडे पाठ करून विचारतेस, “कागद करी लेऊत का रे? पंधरा दिवसना. तुले बठ्ठं समजस.” आणि मी, सगळं समजणारा, रोज असे कागद टाइप करणारा, काय म्हणतो? म्हणतो, “काहीतरीच काय माय. मामांना काय वाटेल?” मला भीड पडली. कोर्टकचेरीतला शहाणपणा घरात दाखवतोय असं त्यांना वाटेल, याची मला लाज वाटली. लाज कशाची वाटून घ्यावी हे मला तेव्हा कळत नव्हतं, एवढाच काय तो माझा गुन्हा असता तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

तू मात्र एक केलंस. सगळं सामान हातगाडीवर चढलं, आणि जातं तू जागचं हलू दिलं नाहीस. मी म्हटलं, मजुरांना अडचण होईल, काढू या. तू म्हणालीस, “र्‍हाऊ दे. घर रितं करू नही.” आपल्याकडे बायका असंच म्हणतात, घर पुरतं मोकळं करू नये, काहीतरी आपलं मागे ठेवावं. मला ते खुळेपण वाटलं. मी हातगाडीवाल्याकडे बघून हसलोसुद्धा.

पंधरा दिवस पारोळ्याला मावसबहिणीकडे काढून तू जळगावला परत गेलीस आणि तिथून थेट धुळ्याला, माझ्या ऑफिसात आलीस. दुपारचे तीन वाजले असतील. तू कधीच तिथे आली नव्हतीस. दाराशी चपला काढून उभी, हातात पिशवी, तोंडावर एसटीची धूळ. पक्षकार बायका अशाच उभ्या राहतात म्हणून मी आधी वर बघितलंच नाही. मग तू सांगितलंस. दाराला नवं कुलूप होतं. धाब्याचं एक ढेकूळही हललं नव्हतं. आत सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या आणि तुझं जातं बाहेर गटारीच्या कडेला आणून टाकलं होतं. मामा म्हणाले, “अक्का, आता मुलगा नोकरीला लागला, तू तिकडेच राहा. माझ्या पोराला धंद्याला जागा पाहिजे. आणि तू किल्ली दिलीस की, राजीखुशीने.” हे सांगताना तू रडली नाहीस. तुझ्या आवाजात नुसतं नवल होतं.

साहेब आतून सगळं ऐकत होते. त्यांनी तुला खुर्ची द्यायला लावली. तू बसली नाहीस. त्यांनी विचारलं, “बाई, घर कुणाचं?” तू म्हणालीस, “घर त्यासनं शे. पन रहानं मनं शे.” साहेब हसले, माझ्याकडे वळून म्हणाले, “घर त्याचं, राहणं तिचं. मी कॉलेजात जे तीन वर्षं शिकलो ते तुझ्या आईनं एका वाक्यात सांगितलं बघ.” मग तुला चहा देऊन बाहेर बसवलं आणि मला समजावलं. कागद नाही म्हणून भाडेकरू नाही असं होत नाही. तोंडी ठरलं तरी ते ठरलेलंच. रेशनकार्डावर तो पत्ता आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे, शेजारीपाजारी सांगतील. पावती देणं मालकाचं काम होतं, त्यानं दिली नाही हा त्याचा दोष. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला कुलूप बदलता येत नाही. सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा, मग मालकी कुणाची हे कोर्ट विचारणारही नाही, ताबा कुणाचा होता आणि तो कसा काढून घेतला एवढंच बघेल. मी जात्याचं सांगितलं तेव्हा तर त्यांनी टेबलावर हात मारला. “जातं आत होतं? मग तिनं घर सोडलंच नाही. किल्ली दुरुस्तीसाठी दिली. ते बोलणं झालं तेव्हा कोण होतं तिथे?” मी म्हटलं, मी होतो. “झालं तर. साक्षीला तू. दावा जळगावच्या कोर्टात चालेल, तिथल्या वकिलाला मी सांगतो, पण मजकूर आपण आजच करू.”

दावा मीच टाइप केला. तीन पानं, एक चूक नाही. तुझा अंगठा घेतला की झालं होतं. पण तू तोवर शेवटची गाडी चुकेल म्हणून पारोळ्याला निघून गेली होतीस. मी म्हटलं, रविवारी जातो.

शुक्रवारी मामा आले, तू माझ्याकडे येऊन गेलीस हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात त्यांनी मला भजी खाऊ घातली. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ते म्हणाले, “तुझ्यासाठी शिंदखेड्याकडची एक मुलगी बघितली आहे. माणसं चांगली आहेत. मी शब्द टाकलाय, माझा भाचा आहे म्हणून. दिवाळीनंतर उरकू. आता भाच्यानंच मामाला कोर्टात खेचलं तर ती माणसं काय म्हणतील, तू शिकलेला आहेस, तूच सांग.” मी भजी संपवली. रविवारी मी पारोळ्याला आलो. तुझ्या मावसबहिणीच्या ओट्यावर तू शेंगा फोडत होतीस. मी आलेला बघून तू सूप बाजूला सारलंस आणि विचारलंस, “काय सांगं साहेबनी?” मी तुझ्या हातांकडे बघत म्हणालो, “कागद नाही ना माय. कागद नसला तर काही होत नाही म्हणाले.” तू पदराला हात पुसलेस. मग म्हणालीस, “मनीच चूक शे. पावती मांगाले पाह्यजे व्हती.” आणि परत सूप पुढे ओढलंस. सोमवारी मी साहेबांना सांगितलं, आई नको म्हणते, भावाबहिणीचं नातं आहे. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी फाइल उघडली. तुला एक खोटं सांगितलं, तुझ्या नावावर दुसरं, आणि सहा महिने ती दोन्ही एकमेकांना भेटू नयेत एवढीच काळजी घेत राहिलो.

लग्न झालं. अंतरपाटाशी माझ्यामागे मामा म्हणून तेच उभे राहिले, कारण दुसरं होतं कोण? तू त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर केलास, ओवाळलंस. ओवाळताना तुझा हात नेहमीसारखाच होता. मी तुझ्याकडे बघतच नव्हतो, पण ते दिसलं. त्याच पंधरवड्यात सहा महिने भरले. मी मनात दिवस मोजत होतो, आणि खरं सांगतो, भरले तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीच्याला निदान भीती म्हणता येईल.

मग तू धुळ्याला आमच्याकडे राहिलीस. जातं मी एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. तू त्यावर पुन्हा दळलं नाहीस. इथे तुझे बिबडे घेणारं कुणी नव्हतं, दारात बसून बोलणारं कुणी नव्हतं, आणि सुनेच्या स्वयंपाकघरात तू विचारून पाणी घ्यायचीस. ती वाईट नव्हती ग. पण तू सतरा वर्षं आपल्या चुलीपुढे बसलेली बाई. कुणी विचारलं तर तू म्हणायचीस, मुलाकडे राहते. रहानं मनं शे, असं पुन्हा कधी म्हणाली नाहीस. जाईपर्यंत तुला वाटत राहिलं की चूक तुझी, पावती न मागण्याची. एका वाक्यात ते काढता आलं असतं. तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस आणि माझ्याच्याने ते वाक्य झालं नाही.

आता हे आजच का लिहितोय ते ऐक. मी घर बांधलं. मागे एक खोली काढली, तिथे दोन वर्षांपासून एक बाई राहते, पिंपळनेरकडची, दवाखान्यात आया आहे, पदरात एक लहान मुलगी. तुझं जातं त्याच खोलीत आहे, ती त्यावर पापडांची डाळ दळते. काल ती दारात आली. चपला काढून उभी राहिली. म्हणाली, “काका, रेशनकार्डासाठी भाड्याची पावती लागते. आणि राहण्याचं जरा लिहून दिलं तर बरं होईल.” मी म्हणालो, “अगं, तू मला मुलीसारखी. आपल्यात कसला कागद?” ती हसली. तुला पावती नाकारली तेव्हा तू हसली होतीस तशीच, बरं वाटून हसली.

आता म्हणे नवा कायदा येतोय, त्यात लेखी करार करून घेणं मालकाच्याच अंगावर टाकलंय. पण मला कायदा कशाला हवा होता? तिच्या कागदावर काय लिहायचं ते मला तोंडपाठ आहे, चार ओळींचं काम आहे. सकाळी बाजारातून पावतीपुस्तकही आणलं. ते इथे या पत्राखालीच आहे, कोरं. जेवण झाल्यावर तिचंच लिहायचं म्हणून बसलो होतो, आणि तुला लिहायला घेतलं. आता पाच वाजायला आले, ती मागे मुलीची वेणी घालतेय, आवाज येतोय. तुझं नाव घेऊन मी तिचा कागद आणखी एक दुपार पुढे ढकलला, माय.