सासूबाईंचे दोन वाढदिवस

९ जानेवारी, मंगळवार
पुन्हा नकार! सबीना लव्हेल, जन्म १ फेब्रुवारी १९२१, बेलमलेट, आयर्लंड — अशी नोंदच तिथल्या कचेरीत नाही म्हणे. माझ्या नवऱ्याला, ऑस्टिनलाही हेच उत्तर आलं होतं, हॉस्पिटलात असताना. "म्हणजे माझी आई जन्मलीच नव्हती!" असं म्हणून हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्याने.

१० जानेवारी
डोक्यात गुंता नको म्हणून लिहून ठेवते. ऑस्टिन जन्मला लिव्हरपूलात, पण आई आयर्लंडातल्या मेयोची, म्हणून तो जन्मापासूनच आयरिश नागरिक. आमची लेक ओर्ला मात्र आजीच्या नावावर स्वतःची नोंद करून घेईल तेव्हापासून आयरिश. आणि ओर्लाची नोंद बाळ व्हायच्या आधी झाली, तरच बाळाला पुढे हक्क. नंतर झाली तर सगळं तिच्यापाशीच संपलं. तिचं बाळ येणार जुलैच्या शेवटी.
"हे माझ्यावर संपू देऊ नकोस, पॉलीन." एवढंच मागितलं होतं त्याने. कधी काही मागायचा नाही.

१६ जानेवारी
अ‍ॅग्नेसला, माझ्या नणंदेला, विचारलं — तारीख चुकली तर नसेल ना? भडकलीच! "आईचा वाढदिवस! सेंट ब्रिजिडचा दिवस! सख्ख्या लेकीला विचारतेस?" वर, "तू इंग्लिश, तुला काय कळणार." पंचेचाळीस वर्षं ऐकतेय. रागावून गेली, पण माझं स्ट्यू डब्यात भरून घेऊन गेली.

२४ जानेवारी
मेयोला मार्टिनला फोन केला — ऑस्टिनचा मामेभाऊ, ऐंशी उलटलेला, अजून मेंढ्या राखतो. सगळं सांगितलं. तो हसत सुटला.
"अहो वहिनी, एक फेब्रुवारी कशाला शोधताय! आमच्याकडे पोर झालं की दोन दिवसांत चर्चमध्ये बाप्तिस्मा. सरकारी कचेरी लांब. तिकडे जायचं ते बटाटे लावून झाल्यावर. उशीर झाला की दंड! मग काय, बाप जन्मतारीखच पुढची सांगायचा. माझे स्वतःचे दोन वाढदिवस आहेत. केक मात्र एकदाच मिळतो."
"मग मी शोधू कुठली तारीख?"
"कुठलीच नको. त्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत नोंदलेल्या सगळ्या लव्हेल मुली मागवा."
मी शाळा पंधराव्या वर्षी सोडली. पुढे जे शिकले ते वाचनालयात. इतकी पुस्तकं वाचली, हे कशातच नव्हतं.

१४ फेब्रुवारी
सापडल्या! सबीना लव्हेल, आईबापांची नावं बरोबर, गाव बरोबर. जन्म — २२ एप्रिल! आणि मार्टिनने चर्चमधून आणलेला दाखला: बाप्तिस्मा ३ फेब्रुवारी.
अ‍ॅग्नेसने चष्मा पुसून दोन्ही कागद वाचले. "म्हणजे आई जन्माआधीच बाप्तिस्मा घेऊन आली?" मग स्वतःच म्हणाली, "तिला घाई असायचीच." दोघी इतक्या हसलो की चहा सांडला. मग रडलो. ती आधी.
ऑस्टिन, होत्या रे. कागदावरसुद्धा होत्या.

१९ फेब्रुवारी
ओर्ला येऊन अर्ज भरून गेली. सासूबाईंचा जन्म, लग्न. ऑस्टिनचा जन्म, आमचं लग्न, त्याचा मृत्यू. सगळे अस्सल दाखले पाठवायचे. त्याच्या मृत्यूचा कागद मला पाकिटात टाकवेना. ओर्लाने माझ्या हातातून घेतला, नीट ठेवला. दोन तारखांचा खुलासा मी लिहिला, एका पानात. बाळ येणार असल्याचं डॉक्टरांचं पत्रही जोडलं — अशांचे अर्ज लवकर बघतात म्हणे.

२ एप्रिल
कागद पोचले. खुलासा चालला! आता फक्त वाट बघायची. बऱ्याच दिवसांनी रात्रभर झोपले.

२७ मे
ओर्ला फुगली आहे. जावई गॅरेथ तिला जहाज म्हणतो आणि मार खातो. नोंदणीचं पत्र अजून नाही.

२० जून, गुरुवार
बाळ आलं! पाच आठवडे आधी. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली आहे, पण श्वास स्वतःचा घेते. नर्स म्हणाली, "आजी, हिचा आवाज ऐका, हिला काही होत नाही." पाय धरून बघितला. माझ्या अंगठ्याएवढा.
पत्र आलेलं नाही. म्हणजे राहिलंच. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून लाज वाटली. मुलगी जिवंत आहे, बाई! ओर्ला म्हणाली, "आई, बाबांना हीच जास्त आवडली असती." खरं आहे.

२३ जून
आज पेटीतून काढून माझ्या हातात दिली. कागदाचं डोक्यातून काढून टाकलं. निदान तसं ठरवलं.

२५ जून
ओर्लाचं पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. आधी तारीख वाचली, नाव नंतर. नोंदणी — १८ जून. दारातच खाली बसले. पोस्टमन धावला, "काय हो बाई, वाईट बातमी?" म्हटलं, "नाही रे बाबा. दोन दिवस आधी झालंय."