पडद्यावरील मांडणी कायम ठेवण्याबाबत

ती. साडूभाऊ यांस,

सादर नमस्कार. आमच्या बाजूने नमस्कार करावा अशी वडीलधारी माणसे आता आपण व अक्का अशी दोघेच उरली आहात, तेव्हा तो दोघांनी समान वाटून घ्यावा. अक्कांचा मुरगळलेला पाय जमिनीला टेकू लागला किंवा कसे, आणि आपला रक्तदाब डॉक्टरांच्या मर्जीने चालतो की आपल्या, हे सवडीने कळवावे. माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते. झोप लागते. (ही तिन्ही विधाने मी कन्येलाही रोज फोनवर करतो. तीही त्यांवर विश्वास ठेवत नाही. तथापि नोंद असलेली बरी.)

घरातील संगणकाच्या पडद्याबाबत आपण मला फोनवरून जे मार्गदर्शन केले, त्याचे फलित आपणास लेखी कळविणे मी माझे कर्तव्य समजतो. फोनवर आपण मध्येच हसता व त्यामुळे घटनाक्रम मांडता येत नाही. कागदावर आपण कितीही हसलात तरी माझे वाक्य पूर्ण होते.

संगणक हिचा होता हे आपण जाणताच. (मी अजून ‘हिचा’ असेच लिहितो. ‘कै.’ हे अक्षर एकदा कोऱ्या कागदावर लिहून पाहिले होते. ते तिच्या नावामागे बसेना.) इमारतीच्या सगळ्या सूचना ती त्यावरच टंकलिखित करीत असे: टाकीची सफाई, जिन्यातील चपला, गच्चीच्या किल्लीचा ठावठिकाणा. शेवटच्या वर्षी तिची दृष्टी अधू झाली तेव्हा आपणच येऊन अक्षरे मोठी करून दिलीत, आणि ती इतकी मोठी की एका पडद्यावर जेमतेम तीन ओळी मावत. ‘उद्या पाणी येणार नाही’ हे वाक्यसुद्धा एका दमात दिसत नसे. ‘उद्या पाणी येणार’ एवढे वाचून घटकाभर खूश होण्याची सोय आहे, असे ती म्हणे. संगणकातील प्रणाली पुष्कळ जुनी असून तिची विचारपूस करणे तिच्या जन्मदात्यांनीही केव्हाच सोडून दिले आहे. परंतु ती चालते.

गेल्या रविवारी कन्या व जावई आले होते. नातीचे नवे छायाचित्र मला मोठ्या पडद्यावर दाखवावे या सद्हेतूने कन्येने ते या संगणकावर उघडले, तो पडदाभर एक नाक आले. नाक चांगले होते. कन्येने चित्र सरकवल्यावर नाक गेले व अर्धा कान आला. “बाबा, अख्खं पोर एका वेळी दिसायला नको का? का हप्त्याहप्त्यानं बघायचं?” असे ती म्हणाली. जावई स्वभावाने मितभाषी आहेत, परंतु नव्या वस्तूचा विषय निघाला की त्यांना वाचा फुटते. येत्या रविवारी आपण नवा संगणक घेऊन येतो व हा भंगारवाल्याकडे देऊन टाकतो, असे त्यांनी तेथेच जाहीर केले. चालू स्थितीतील वस्तू निर्लेखित, म्हणजे नोंदीतून बाद, करता येत नाही, असा मी आक्षेप घेतला. त्यावर कन्या कमरेवर हात ठेवून (ही ढब तिने कोणाची उचलली आहे हे मी सांगावयास नको) म्हणाली, “बरं. मग रविवारपर्यंत तुम्ही तुमच्या हातानं यात तिचं पूर्ण तोंड आणून दाखवा. आलं तर डबा राहील, नाही आलं तर जाईल.” हा डबा घरातून जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. कारण म्हणून मी नियमाचा हवाला दिला.

सोमवारी सकाळी चष्मा पुसून कामास बसलो. पडद्याच्या मांडणीचे पान आपण रविवारी रात्री फोनवर सांगितल्याप्रमाणे सापडले. त्यात एक लहान पट्टी असून तिच्या एका टोकास ‘कमी’ व दुसऱ्या टोकास ‘जास्त’ असे आहे. ‘पुरेसे’ असे कोठेही नाही. पट्टी एक घर पुढे सरकवताच पडदा क्षणभर काळा झाला, अक्षरे आवरून घेतल्यासारखी लहान झाली आणि मध्यभागी एक चौकट उमटली. तिचा आशय असा की, आपल्या पडद्याची मांडणी बदलण्यात आलेली आहे. ही मांडणी कायम ठेवावयाची आहे काय? खाली ‘होय’ आणि ‘नाही’. आता आपण जाणता की संपूर्ण सेवाकाळ मी नियम विभागात मसुदे तपासण्यात घालविला व न वाचलेल्या मजकुराखाली कधीही सही केली नाही. मी चौकट एकदा वाचली. दुसऱ्यांदा अर्थासाठी वाचली. ‘कायम’ या शब्दाशी अडखळलो, कारण आमच्याकडे कोणतीही गोष्ट कायम करण्यापूर्वी ती आधी तात्पुरती, मग पुढील आदेशापर्यंत तात्पुरती, अशा पायऱ्यांनी जात असे. तेवढ्यात चौकट नाहीशी झाली आणि अक्षरे होती तेवढी मोठी होऊन बसली.

पुढल्या खेपेस माझ्या लक्षात आले की चौकटीतील शेवटच्या ओळीत मुदत दिलेली आहे: पंधरा सेकंदांत उत्तर न आल्यास जुनी मांडणी पूर्ववत केली जाईल. (ती ओळ वाचण्यात मुदतीतील बराच भाग खर्ची पडतो, याचा विचार मसुदा करणाऱ्याने केलेला दिसत नाही.) आमच्या कार्यालयात मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्याचा प्रघात होता, हे यंत्र नकार गृहीत धरते. सोमवारचा सर्व दिवस आम्ही दोघे असे समोरासमोर बसलो होतो. ते विचारी, मी वाची, ते मागे घेई.

सायंकाळी मी आपणास फोन केला तेव्हा आपण जे बोललात ते असे होते, चूकभूल असल्यास दुरुस्त करावे: “अहो साडूबुवा, तो काय शेताचा खरेदीदस्त आहे का वाचत बसायला? होय म्हणा आणि सुटा की!” मागून अक्कांचा आवाज आला, “त्यांच्यावर ओरडू नका हो, ते वाचल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत.” (विधान अतिशयोक्त आहे. चहाच्या डब्यावरील सूचना मी एकदाच वाचली होती.) परंतु अक्कांच्या बोलण्यात तथ्य आहे असे नंतर विचार करता वाटले. आमच्या घरात वाचण्याचे काम माझ्याकडे व ‘होय’ म्हणण्याचे काम हिच्याकडे असे. मी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत पोचेतो तिने होय म्हटलेले असे व वस्तू घरात येऊन तिच्यावर फुलदाणीही ठेवलेली असे. आमचे लग्नसुद्धा याच पद्धतीने ठरले, असे अक्का सर्वांना सांगतात. त्यात खोटे काही नाही; मी त्या वेळी अजून विचार करीत होतो.

मंगळवारी मी मधला मार्ग काढला. चौकटीतील प्रश्नावर जेवणाच्या टेबलाशी बसून, घड्याळापासून दूर, दोन्ही बाजूंनी आगाऊ विचार केला आणि ‘होय’ असा निर्णय घेऊन मगच आत गेलो. मात्र करायचेच तर उत्तम करावे, या हेतूने पट्टी मी थेट ‘जास्त’च्या टोकास नेली. पडदा काळा झाला. निर्णय झालेला असल्यामुळे चौकटीची वाट न पाहता मी होकाराची कळ दाबली. आयुष्यात न वाचता दिलेला हा माझा पहिला होकार, आणि पडदा काळाच राहिला. काही वेळाने त्यावर एक निळी पाटी तरंगू लागली: ‘मर्यादेबाहेर’. ती वर जाई, कडेला थांबे, पुन्हा दुसरीकडे निघे, जणू घरात चुकून शिरलेला माणूस दार शोधत असावा. तिच्याकडे पाहत बसलो असताना मला त्या मुदतीच्या तरतुदीचा हेतू उमगला. ज्याला पडद्यावरचे काहीच दिसेनासे झाले आहे, तो उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून त्याच्या मौनावर त्याचे जुने जग त्यास परत द्यावे. इतकी सुबक तरतूद मी माझ्या सबंध सेवेत पाहिली नाही, आणि तिचा लाभ घेण्याची जी एकच वेळ आली त्या वेळी मी तत्परता दाखविली.

बुधवारी आपण हसणे आटोपल्यावर दुसरा उपाय सांगितलात, त्याबद्दल आभारी आहे. संगणक सुरू होत असताना वरच्या ओळीतील कळ, दार न उघडणाऱ्या शेजाऱ्याची घंटा वाजवावी तशी वाजवीत राहिलो. पडदा उजळला. चारही कोपऱ्यांत ‘सुरक्षित’ असे लिहिलेले होते व मध्ये काहीही नव्हते. रंग मोजकेच आणि तेही शाळेच्या फळ्याशेजारी टांगलेल्या तक्त्यासारखे. तेथून पट्टी मधल्या घरावर आणली, संगणक पुन्हा सुरू केला, प्रश्न आला. तो आता तोंडपाठ असल्यामुळे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. मुदतीत होकार दिला. नातीचे छायाचित्र उघडले. दोन्ही कान, हनुवटी, पडलेला दात, सर्व एकसमयावच्छेदेकरून उपस्थित होते. कन्येची अट पूर्ण झाली असून डबा राहील, असे कळविण्यास आनंद वाटतो.

एक किरकोळ फरक मात्र नोंदविला पाहिजे. पडद्याच्या पार्श्वभूमीवर हिने लावलेले छायाचित्र आपण पाहिलेले आहे, किंबहुना ते आपल्याच गॅलरीत, आपल्याच वेताच्या खुर्चीत, मला न विचारता काढलेले आहे: मी वर्तमानपत्र छातीवर घेऊन, तोंड उघडे टाकून झोपलो आहे. ते काढून टाकावे असे मी वेळोवेळी सुचविले होते. तिने काढले नाही. उलट तिच्या कामाची चित्रे त्यावर सोयीने मांडून ठेवली. इमारतीच्या सूचना डाव्या गुडघ्यावर. कचऱ्याची टोपली बरोबर उघड्या तोंडावर. उजव्या गुडघ्यावरही काहीतरी होते. यामुळे दिवसभर आतून आवाज येत: “अहो, तुमचा डावा गुडघा उघडत नाहीये!” मग मी माझ्या खुर्चीतून, “दोनदा दाब,” असे सांगे. पाहुणे आलेले असताना तिने, “थांबा, हे तुमच्या तोंडात टाकते,” असे म्हणू नये, एवढी माझी विनंती होती, तीही मान्य झाली नाही. कालच्या दुरुस्तीत हे सर्व आपोआप मिटले. चित्रे आता डाव्या कडेला वर्णानुक्रमे, सरळ ओळीत, हजेरीला उभी राहावी तशी उभी आहेत. हीच शिस्त मी वर्षानुवर्षे सुचवीत होतो. ती लागली. गुडघे मोकळे झाले आहेत व तोंडावर काही नाही. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.

तरी आपण दिलेल्या मदतीबद्दल आभार मानून, व अक्कांनी पायावर फार भार देऊ नये असा आग्रह करून, हे पत्र येथे संपवितो.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. – शनिवारी आपणास व अक्कांना सवड असल्यास यावे. अक्षरे पुन्हा आपण करून दिली होती तेवढी मोठी करून द्यावी. तसेच चित्रे त्यांच्या जागी बसवून द्यावी. मी स्वतः बुधवार दुपारपासून सूचनांचे चित्र डाव्या गुडघ्यावर नेऊन ठेवीत आहे, परंतु हात काढताच ते ओळीत परत जाते. ही शिस्त कोठून बंद करतात ते आपणास ठाऊक असेल. टोपलीची जागा मला माहीत आहे. उजव्या गुडघ्यावर काय होते ते मात्र आठवत नाही. तो बिनतक्रार उघडत असल्यामुळे त्याचे नाव कधी कानावर आले नाही. अक्का तिच्याशेजारी तासन्‌तास बसत, त्यांना आठवेल. न आठवल्यास त्यांनी तसे मला लगेच सांगू नये, जरा वेळ आठवल्यासारखे करावे.

ता. क. २ – अक्षरे मोठी झाल्यावर रविवारी पडद्यावर पुन्हा नाकच येईल, याची मला जाणीव आहे. यावर विचार करून ठेवला आहे. आपण दोघांनी शनिवारी आल्याबरोबर प्रथम नातीचे संपूर्ण तोंड पाहून घ्यावे व नंतरच मांडणी बदलावी. म्हणजे ‘आम्ही संपूर्ण तोंड समक्ष पाहिले आहे’ असे प्रमाणपत्र आपण कन्येसाठी देऊ शकाल व त्यात असत्य काही राहणार नाही. रविवारी ती कमरेवर हात ठेवू लागताच मी ते पुढे करीन. मसुदा सोबत जोडला आहे. तो वाचत बसू नये. शनिवारी सोबत आणावा, तोंड पाहावे व सही करावी.