पुसून टाकलेला फोटो

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अकोला, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. रुख्मिणीवहिनींना साधनाचा सा. न. वि. वि.

तुम्ही घरातले सगळे फोन बंद करून कपाटात कोंडले, म्हणून ही चिठ्ठी. कॅलेंडरची सरलेल्या महिन्यांची पानं मागून कोरी आहेत, तीच वापरते आहे. हसू नका.

वहिनी, मला तुमचा राग आला आहे, तो आधी सांगून टाकते. आचलचा बायोडाटा समाजाच्या वधू-वर ग्रुपवर मीच टाकला होता, हे मी विसरले नाही. बार्शीटाकळीच्या नितेशचं स्थळ आलं, आपल्या पोरीनं नाही म्हटलं, आणि आठ दिवसांत त्यानं बायोडाटातला तिचा चेहरा कुण्या उघड्या बाईच्या अंगावर बसवून त्याच ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांनी काढून घेतला आणि म्हणाला, फोन हॅक झाला. तोवर दोनशे घरांनी पाहिलं. इथवर चूक त्याची.

पण पुढं तुम्ही काय केलं? भाऊबीजेला जमलेल्या झाडून साऱ्या नातेवाइकांना देवघरापुढं बसवलं, पोथीवर हात ठेवायला लावला आणि ज्याच्या-त्याच्या फोनातून तो फोटो पुसायला लावला. घरात देव आहे, ही घाण नको, असं तुमचं म्हणणं. देवाला काय कळत नव्हतं, की ती घाण कुणाची आहे?

आमच्या गल्लीतल्या चारुशीलाबाई वकील आहेत. त्या म्हणाल्या, असल्या बनावट फोटोंसाठी वेगळा कायदा अजून झाला नाही, पण अश्लील फोटो पसरवणं आयटी कायद्यात गुन्हाच आहे, मग तो खरा असो की यंत्रानं बनवलेला. दादाला म्हणावं, लाजू नको, पोरीला घेऊन ठाण्यात जा.

आचलला माझा आशीर्वाद. माझ्या रागामागची माया तुम्हाला दिसतेच.

तुमची,
साधना

॥ श्री ॥

अमरावती, १४ नोव्हेंबर

सौ. साधनाबाईंना रुख्मिणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमी रागावल्या, बरं केलं. माह्यावर रागावणाऱ्यांत तेवढी एक कमी होती.

तुमचं ऐकून गेलो बाई ठाण्यात. तिथल्यानं पहिले सांगितलं की मुलगा अकोल्याकडचा, ग्रुप अकोल्याचा, तिकडंच जा. अमरावतीची पोरगी अकोल्यात जाऊन काहून रडेल, ते काही त्यानं सांगितलं नाही. मग म्हणे फोटो दाखवा. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्या घराण्यात एकाही फोनात तो ठेवला नाही, मी सगळ्यांच्या हातून पुसवला. तो माणूस माह्याकडं असा पाहत राहिला, जशी मीच आरोपी. म्हणे काकू, आता आमी तपास कशाचा करायचा? आचल तिथून उठून एकटीच बाहेर गेली. गजेंद्रले विचारलं, पण तो गुणी लेक, त्यानं तर सगळंच साफ केलं होतं. आयुष्यात एकदाच आईचं ऐकलं त्यानं, आणि तेही या वेळेस.

आचल शिकवते त्या शाळेनंही तिले कळवलं की प्रकरण मिटेस्तोवर येऊ नका. फोटो खोटा आहे हे कागदावर दाखवा, मग पाहू. पोरगी कालपासून माह्याशी बोलली नाही. ताट उचलून आतल्या खोलीत नेते.

आणि वरून डोमाजीभाऊ आले. त्यायनंच हे स्थळ आणलं होतं. म्हणतात, पोराचं चुकलं, मोझरीला महाराजांच्या समाधीपुढं तो सगळ्यांसमोर पाया पडेल, तिथंच मिटवून टाकू, नाहीतर दोन्ही घरची नावं पेपरात येतील. आचलचे बाबा अर्धे तयार झाले. तुमच्या दादाले तर तुमी ओळखताच, समोरच्यानं हात जोडले की त्यायले स्वतःचीच लाज वाटते. पुढच्या रविवारी हो की नाही सांगायचं आहे. पुरावाच नाही, तर ‘नाही’ म्हणून तरी काय करू?

आता तुमीच सुचवा. रागावून झालं असंल तर.

तुमची,
रुख्मिणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अकोला, १८ नोव्हेंबर

सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

हे पत्र देवघरापुढं बसून वाचा, म्हणजे मला जी शिवी द्यायची ती तिथंच देऊन होईल.

मी फोटो पुसला नाही. पोथीवर हात ठेवला, तुमच्यासमोर मान हलवली, फोनवर बोटं फिरवली आणि पुसला नाही. गॅलरीतही आहे, आणि त्या पंधरा मिनिटांतच मी स्क्रीनचाही फोटो काढून ठेवला होता. त्यात नितेशचा नंबर आहे, वेळ आहे, ग्रुपचं नाव आहे. आपल्या घरी मिक्सरची पावतीसुद्धा मिक्सर मोडेपर्यंत ठेवतात, आणि एवढी मोठी गोष्ट मी कशी फेकून देणार? पण तुमच्यापुढं बोलायची छाती झाली नाही. गेले जवळजवळ चार आठवडे मी पोथीला हात लावला नाही. लांबून वाचते, पानं आमचे हे उलटतात.

देवापुढं खोटं बोलले, ते माझं मी पाहीन. त्याची शिक्षा आचलला नको.

चारुशीलाबाई म्हणतात, आपल्या हद्दीतलं नाही म्हणून ठाणं परत पाठवू शकत नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यानं नोंदवून घ्यायची आणि मग पुढं पाठवायची, तसा कायदाच आहे. त्यांनी अर्ज लिहून दिला आहे. गुरुवारी सकाळच्या एसटीनं फोन घेऊन येते. तुम्ही सोबत पाहिजे. बायोडाटातला मूळ फोटो आणि हा, दोन्ही पाहून घरच्या माणसानं जबाब द्यायचा आहे. दादाला म्हणावं, मोझरीला दर्शनाला अवश्य जा, पण त्या पोराला सोबत घेऊन नको.

भेटल्यावर बोला किंवा बोलू नका, गुरुवारी तयार तेवढ्या राहा.

तुमची खोटारडी नणंद,
साधना

॥ श्री ॥

अमरावती, २४ नोव्हेंबर

सौ. साधनाबाईंना अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमी चारच्या गाडीनं निघाल्या, मी तुमच्याशी धड बोललीही नाही. रस्ताभर रडल्या असाल तर ते माह्या खाती. तुमचा फोन पोलिसांनी ठेवून घेतला, म्हणून आता तुमीही माह्यासारख्या चिठ्ठीवर आल्या.

नोंद झाली, नितेशले बोलावलं आहे. नोंदीची नक्कल शाळेत दिली, हेडमास्तरीणबाईनं आजपासून ये म्हटलं. डोमाजीभाऊले आचलच्या बाबानंच दारातून परत लावलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण चहा सांगितला नाही, एवढं पाहिलं.

तुमी बाहेर बाकावर होत्या. आत काय झालं ते तुमाले सांगायचं राहिलं. बाई पोलिसानं दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि म्हणाली, पाहून सांगा. साधनाबाई, मी तो फोटो तोवर पाहिलाच नव्हता. भाऊबीजेला सगळ्यांचे फोन हातात घेतले, पण डोळे मिटून.

पाहिला. चेहरा माह्या पोरीचा, तोच मानेचा कल, तेच कानातले. पण तिच्या डाव्या खांद्याखाली लहानपणी तवा लागल्याचा डाग आहे, बोटभर. फोटोत तिथं कोरी कातडी होती. मी म्हटलं, हे माह्या लेकीचं अंग नाही, मी न्हाऊ घातलं आहे तिले. पोलीसबाईनं तसंच लिहिलं आणि मी सही केली.

बाहेर आल्यावर आचल आठवड्याभरात पहिल्यांदा माह्यासोबत चालली. कोपऱ्यावर आल्यावर तिनं विचारलं, आई, मग आजपर्यंत तुले काय वाटत होतं?

मी तिचा हात धरून रस्ता ओलांडला, बाई. घरापर्यंत तिनं परत विचारलंही नाही.

पोथीले हात लावत जा. तुमी खोटं बोलल्या ते वेगळं. मी पोथी कशाच्या भीतीनं मधात ठेवली होती, ते मलेच आता समजून राहिलं.

तुमची माया आमच्या घरावर असू द्या. आज मले तिची गरज आहे.

तुमची,
रुख्मिणी