गाऱ्हाण्यातलं चौथं नाव

मिठबाव, ४ जानेवारी २००६, दिवेलागण

गाडीनेच जायचं ठरलं. आधी औली, मग नारकंडा, शेवटी सोलंग. तिन्हीकडे बर्फावर स्कीइंग, हा लेकीचा हट्ट. नकाशात सोलंगवर खूण करताना हात अडला. माझा धाकटा भाऊ बाबलो तिथेच रस्त्याच्या कामावर असताना बर्फाखाली गेला. कधी सापडलाच नाही.

आज प्रवासासाठी देवळात नारळ ठेवला. देवाला गाऱ्हाणं घालण्याआधी गुरवाने प्रवासाला जाणाऱ्यांची नावं विचारली. मी, बायको, लेक. आईने चार सांगितली. चौथं बाबलोचं! गुरवाने चारही नावं घेतली, मग म्हणाला, "ह्या चौघांका सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, सवयीने म्हणालो, "होय म्हाराजा!"

वाटेत म्हटलं, "आये, तू चार नावां सांगितलंस."

"माका मोजूक येता. जाताना तिघां, येताना चौघां."

वयाचा भ्रम म्हणू? मग मी होय का म्हणालो? चौथ्या नावालाही?

सोलंग खोडायला आत्ता पुन्हा नकाशा उघडला. पेन टेकवून बसलोय. खोडलं, तर बाबलो गाडीत चढणार कुठून?