करंगळीवरची शाई

बाई, मागच्या महिन्यात मी पुन्हा तेच करायला निघाले होते. तुम्ही असता तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं आणि मी निमूट खाली बसले असते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचं ते निळ्या काठाचं पांढरं पातळ कुणाला सांगावं तर ओळखणारं माणूस उरलं नाही. मीही कधीची निवृत्त झाले. साताऱ्यात लेकाकडे राहते. लेक एमआयडीसीत कारखान्यात, सून एका ऑफिसात, आणि दहा महिन्यांची नात दिवसभर माझ्या मांडीवर. लय सुखाचे दिवस चाललेत, खोटं कशाला बोलू. तर अशा भरल्या घरात एका संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, गोवराची सुई आत्ता नको. आम्ही बघू नंतर." जन्मभर गावोगाव लसीची पेटी घेऊन फिरलेल्या बाईच्या घरात हे! लेकाकडे बघितलं तर तो मोबाईलमध्ये तोंड घालून, "तुम्ही दोघी ठरवा." माझं डोकंच फिरलं.

"तेच" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पोलिओचा रविवार. मी तुमच्या हाताखाली नवी नर्स, अंगात नुसती रग. पलूसकडच्या त्या गावात घरोघर फिरून पोरांच्या तोंडात दोन थेंब टाकायचे आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाईची रेघ ओढायची, म्हणजे कुणाचं झालं नि कुणाचं राहिलं ते रस्त्यातही कळावं. माझी सगळी घरं झाली, एक सोडून. मळ्याकडच्या आळीतली ती बाई दारातच आडवी उभी राहिली. तिचं पहिलं मूल सुई दिल्यावर आठवड्याच्या आत तापानं गेलं होतं. तो ताप सुईचा का आणखी कशाचा, हे तिला कुणी धड समजावून सांगितलं नव्हतं. नवरा फौजेत, सासूला दिसत नाही. "मला डोस न्हाई द्यायचा," एवढंच म्हणून तिनं दार लावलं. दुपारी तिची तीन वर्षांची पोर हौदापाशी एकटी खेळताना मला दिसली. मी बिस्किट दाखवून तिला जवळ घेतलं, दोन थेंब टाकले, करंगळी रंगवली आणि पुरी झालेली यादी ऐटीत तुमच्यापुढं आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन उपकेंद्रात आली. पोरीची करंगळी राखेनं घासून घासून तिनं सोलून काढली होती. भांडली नाही. मला म्हणाली, "मी न्हाई म्हनल्यालं तुमाला ऐकू आलं न्हवतं का?" आणि गेली. पुढच्या महिन्यात सुयांच्या दिवशी त्या अख्ख्या आळीतून एक बाळ आलं नाही. ज्या बाया स्वतःहून यायच्या त्यांनीही दारं लावून घेतली. पेटी होती तशी बर्फासकट परत गेली. मी तुमच्याशी वाद घातला, की दोन थेंबांनी पोरीचं वाईट झालं का? झालं तर चांगलंच झालं! तुम्ही रजिस्टर मिटलंत आणि म्हणालात, "पोरीला दोन थेंब दिलंस. तिच्या आयला काय दिलंस?" तेव्हा मला हे बोलणं नाटकी वाटलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

मग तुम्ही मला घेऊन तिच्या घरी गेलात. ती चुलीपुढं बसून शेंगा फोडतेय. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत, मी कसंबसं "चुकलं माझं" म्हटलं. तिनं मान वर केली नाही. तुम्ही आपलं सूप पुढं ओढून शेंगा फोडायला बसलात. लसीचं नाव नाही. पाऊसपाणी, सासूचे डोळे, नवऱ्याची बदली कुठं झाली, असलंच बोलणं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी मनात म्हणतेय, सरकार आपल्याला शेंगा फोडायचा पगार देतंय का? चौथ्या गुरुवारी तिनंच विचारलं, "ऱ्हायलेली सुई दिली आन ताप आला, तर तुमी येनार का?" तुम्ही म्हणालात, "येईन. आन ताप उतरंस्तवर उठायची न्हाई." सुई दिली, ताप आला, आणि तुम्ही सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलात. तिनं तुम्हाला भाकरी वाढली, ती तुम्ही डाव्या हातानं पट्टी धरून खाल्लीत. पुढच्या महिन्यात सगळी आळी दारात. पेटीतल्या सुया कमी पडल्या.

पण बाई, मी तुमचं सगळंच ऐकलं असं नाही. आष्ट्याकडच्या एका वस्तीवर गोवर आला ते आठवा. पाच महिन्यांचं बाळ गेलं. त्याचं सुईचं वयच झालं नव्हतं. शेजारच्या घरात मोठ्या पोरांना मुद्दाम टोचून घेतलं नव्हतं, तिथून आला तो. परत येताना एसटी स्टँडवर मी तुमच्यावर तुटून पडले. त्या बाळाच्या आईची मर्जी कुणी विचारली? शेजाऱ्याची मर्जी आणि मेलं हिचं मूल, हा कुठला न्याय? सरळ कायदा करा आणि टोचा. गाडी आली, तशी तुम्ही पिशवी उचललीत. मग म्हणालात, "ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई, पोरी." तुमच्याबद्दल मला खरा आदर वाटला तो त्या दिवशी. उत्तर अजून कुणाकडं नाही. टीव्हीवर त्यावरच हमरीतुमरी चालते. आमच्या शेजारचे सुभेदार म्हणतात, ऑर्डर काढा, फौजेत हात पुढं म्हटलं की हात पुढं. त्यांना मी सांगते, करोनात लसीसाठी लोक आधी रांगेत भांडले आणि गाडी दारात आल्यावर तेच लोक उसात पळाले, तिथं तुमची ऑर्डर कुठं कुठं शोधत फिरणार? असं सांगते खरी, पण माझं मन आजही सक्तीकडंच झुकतं. ते पाच महिन्यांचं बाळ मी माझ्या हातात धरलं होतं.

म्हणून तर त्या दिवशी सून ऑफिसला गेल्यावर मी कपाटातून नातीचं कार्ड काढलं. दोन गल्ल्या सोडून आरोग्य केंद्र, सुयांचाच वार. चोरासारखी मागच्या रस्त्यानं गेले. तिथली सिस्टर पोरसवदा, हसरी. म्हणाली, "आजी, बसा दहा मिनिटं. अजून दोन बाळं आली की बाटली फोडते." गोवराची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, हे मला कोण शिकवणार! बसले बाकावर. नात कार्डाचा कोपरा चघळत होती. तिची करंगळी माझ्या अंगठ्यावर होती, स्वच्छ, गुलाबी. बाई, मला ती दुसरी करंगळी दिसली. उठले आणि घरी आले.

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं, की तुला चोरून गेले होते आणि परत फिरले. ती लालबुंद झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर तिनं चहा केला. मग कप पुढं ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही एकदाही मला का नको ते विचारलं नाहीत." खरंच विचारलं नव्हतं. तिच्या बहिणीच्या बाळाला सुईनंतरच्या तापात झटका आला होता, आणि तो हिच्याच मांडीवर आला होता. मूल आता ठणठणीत आहे, पण तिच्या हातांना ते आठवतं. आम्ही बोलत बसलो. असा झटका क्वचित येतो, बघवत नाही पण बहुतेक मुलांना त्यातून काही मागं राहत नाही, हे मी सांगितलं. गोवर काय करतो तेही सांगितलं. तिनं विचारलं, "आणि ताप आला तर?" मी तुमचं वाक्य उचललं. म्हटलं, मी आहे, ताप उतरेपर्यंत उठणार नाही.

पुढच्या खेपेला तिनं अर्धी रजा काढली आणि बाळाला स्वतः मांडीवर घेतलं. मी नुसती पिशवी धरून उभी. या लसीचा ताप आठवड्यानं येतो, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तो आठव्या दिवशी आला, नावापुरता. एका बाजूला ती, एका बाजूला मी, आणि लेकाला खिचडी करायला पिटाळलेलं. त्यानं ती करपवली. तिघांनी हसत हसत खाल्ली, नात मध्ये झोपलेली. बाई, त्या दुपारी मला काहीही कमी नव्हतं.

सून आता शेजारणींना सांगते, आमच्या आई दारातून परत फिरल्या, म्हणून माझा विश्वास बसला. ते ऐकताना मी भाजी निवडायचं निमित्त करून खाली बघते. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. मी पोचले तेव्हा ती बाटली आधीच फोडलेली असती, तर मी नातीला टोचून घेतलं असतं.