बाविसावी

सोमवार, ३ तारीख

पोचलो. जागा झकास आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक त्यांची, एक माझी. त्यांची म्हणजे टॅरंटुलांची. एकवीस काचेच्या पेट्या, त्यात एकवीस केसाळ कोळिणी, एकेक तळहाताएवढी. मालकीणबाई परवा गुडघ्याच्या ऑपरेशनला जाणार. महिनाभर सगळं माझ्याकडे. पाणी भरायचं, रातकिडे टाकायचे, कोणी किती जाळं विणलं ते वहीत टिपायचं. पुढची पानं त्यांची, मागची माझी. सातवी सुटल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय, हात दुखतो.

माझ्या खोलीत खाट, खिळा आणि डोक्यावर पोटमाळा. मला एवढं पुष्कळ.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, तीन वर्षांत नऊ नोकऱ्या सोडल्यास, इथूनही पळालास तर घराची पायरी चढू नकोस. मागून वहिनी म्हणाली, भाऊजी आता कोळिणींना अंगाई म्हणणार. हसा म्हणावं. महिना पुरा करूनच येतो.

बुधवार, ५

बाई गेल्या. जाताना मला जाळं वाचायला शिकवून गेल्या. पुस्तक नाही जमलं ना, म्हणाल्या, हे तरी वाच. नव्या पेटीत ठेवली की कोळीण आधी जमिनीवर पातळ पडदा अंथरते. म्हणजे जागा तिची झाली. मग बिळाच्या तोंडापासून सुटे धागे ताणते. धाग्याला कोणी लागलं की तिला आत बसून कळतं, कोण आहे, केवढा आहे, कुठून आला. आणि कात टाकायची असली की जाड गादी विणते न् तिच्यावर उताणी पडते. नवखा माणूस मेली समजून फेकून देतो.

एकच ताकीद. जाळं मोडायचं नाही. मोडलं की ती दुप्पट विणते.

रविवार, ९

सकाळी खाटेवरून उतरलो तर तळपायाला काहीतरी चिकटलं. फरशीवर पडदा. पातळ, दुधावरच्या सायीसारखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पेट्या मोजल्या. एकवीस. कड्या लावलेल्या, कोळिणी आपापल्या जागी.

ओलं फडकं मारलं. ताकीद पेट्यांपुरती. माझ्या खोलीत मी म्हणेन ते.

मंगळवार, ११

परत. या वेळी जाड. फडक्याने निघेना, खराट्याने खरवडून काढलं. मग खोलीच्या मधोमध उभा राहून मोठ्याने सांगितलं की जागा माझी आहे, पटत नसेल त्याने बाहेर जावं. कोणाला सांगितलं कोण जाणे. पण बरं वाटलं.

शुक्रवार, १४

धागे. नऊ मोजले. पोटमाळ्याच्या दाराच्या फटीतून निघालेत न् खाली खाटेच्या चारही पायांना बांधलेत. एक उशीला.

बाईंना फोन केला. घरात आणखी एखादी आहे का, बाविसावी, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या हसल्या. एकवीस सांभाळ म्हणाल्या, बाविसावी तुझ्या लग्नानंतर. मीही हसलो. जाळं मोडल्याचं बोललो नाही. दादाचा नंबर आहे त्यांच्याकडे, बोललो असतो तर लगेच कळवलं असतं की पोरगा घाबरला.

फोन ठेवला न् एका धाग्याला बोट लावलं. वर काहीतरी सरकलं. मग थांबलं.

नऊच्या नऊ कापले. उशी घेऊन पेट्यांच्या खोलीत आलो. हे पळणं नाही. जागा बदलली, एवढंच.

शनिवार, १५

रातकिडे पोचवणारा आला. कोळिणींचा वाणी म्हणतो स्वतःला, एरवी तोंड बंद होत नाही त्याचं. आज माझ्या खोलीत डोकावला न् उंबऱ्यावरूनच मागे सरकला. धागे पुन्हा होते, अठरा. डबा जिन्यातच ठेवून म्हणाला, पिशवी उचल, गाडीवर सोडतो तुला स्टँडवर. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तुझ्या घरी कोणी वाट बघत नाही का रे. म्हटलं, बघतात, मी पळून कधी येतो त्याचीच.

बुधवार, १९

खाटेवर गादी. पांढरी, चार बोटं जाड. तिच्यावर उताणी कात. आत काही नाही, पोकळ. पाय खाटेच्या दोन्ही बाजूंनी फरशीला टेकतात.

जिन्यात येऊन बाईंना फोन लावला.

विचारलं, कात टाकल्यावर कोळीण कशी असते. लोण्यासारखी मऊ, म्हणाल्या. आठ-दहा दिवस सुळे पांढरे असतात, खात नाही, चावता येत नाही. लहान मूलही मारेल तिला तेव्हा. कात ताजी आहे का जुनी, असं काहीतरी विचारत होत्या. मी ठेवून दिला फोन. कळायचं ते कळलं.

कात खिळ्याला टांगली, सदऱ्यासारखी. बघू दे तिला.

रातकिड्यांचा डबा रिकामा. झाकण मीच उघडं टाकलं असणार.

गुरुवार, २०, दुपार

आज बस आहे दोनची. नाही जाणार. मऊ आहे तोवर हिशेब मिटवायचा.

पोटमाळ्यावर चढलोय. निसटू नये म्हणून दार ओढून आतून कडी घातली. बॅटरी, खराटा, वही. वही कशाला आणली माहीत नाही. हात गुंतलेला बरा.

कोपऱ्यात आहे ती. ढिगासारखी. हलत नाही. पाय धाग्यांवर ठेवलेत — सगळे —

बॅटरी तिच्या तोंडावर धरली.

सुळे पांढरे नाहीत. काळे. चकचकीत.

म्हणजे कात जुनी. गादी, कात, सगळं खाली मांडून ठेवलं — मी चढावं म्हणून. एवढे दिवस धाग्यावरून बघत होती, हा पळतो का —

नाहीच पळालो. दादा, वही मिळाली तर वाच, नाही पळालो मी. खराटा आहे हातात. दुसऱ्या हाताने लिहितोय, अक्षर —

उठली.

ये म्हटलं तिला. ये. जागा माझी आहे. मी इथंच उभा