शेवटचं कडवं आणि चारचा चहा

प्रिय विनीताई,

धडाड्!

दचकू नकोस. चाळीस बाकांची झाकणं एकदम पडली की असा आवाज होतो. काल दुपारी जेवून खुर्चीत जरा डोळा लागला, आणि शाळेतला तो जुना आवाज कानात इतका स्वच्छ आला की मी उठून दप्तर शोधायला लागलो. (हाताला लागली ती किटलीवर घालायची लोकरीची टोपी. तीही सापडत नव्हतीच, तेव्हा फेरी अगदीच फुकट गेली नाही.) तुझी मुलींची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तुला आमचे वॉर्डल मास्तर आठवायचे नाहीत. शेवटच्या तासाला ते नदीवरची ती लांबलचक कविता म्हणायचे, खिडकीकडे तोंड करून आणि डोळे मिटून. नदी डोंगरातून निघायची, पाणचक्क्या फिरवायची, पुलाखालून जायची, आणि ती समुद्राजवळ पोचायला आणि चारची घंटा व्हायला एकच गाठ पडायची. घंटा झाली की चाळीस झाकणं धडाधड पडायची आणि शेवटचं कडवं त्याखाली गाडलं जायचं. मास्तरांचे ओठ तेवढे हलताना दिसायचे. त्यामुळे ती सबंध कविता मला आजही तोंडपाठ आहे, फक्त नदी शेवटी समुद्राला काय म्हणाली ते ठाऊक नाही. (पुस्तकात बघायचं होतं, असं तू म्हणणारच. पण ताई, पुस्तकात बघणं म्हणजे मेजवानीला न जाता शेजारणीला काय काय होतं ते विचारणं.) पुढे सोळाव्या वर्षी मी बाबांच्या दुकानात बिजागऱ्या विकायला बसलो आणि वरच्या वर्गात जायचं राहूनच गेलं. आयुष्यभर झाकणांना बिजागऱ्या पुरवल्या, यात देवाचा काही विनोद असेल तर तो मला उशिरा कळला.

तर नमनालाच घडाभर तेल गेलं. आता रीतसर नमस्कार. वाकून केला असता, पण गुडघा म्हणतो बसूनच कर. तुझा खोकला कसा आहे? समुद्राच्या वाऱ्यात स्कार्फ न घेता हिंडतेस असं गिलियन म्हणत होती. पोरी आईबापांच्या चुगल्या करतात, आत्यांच्याही करतात. तू पाठवलेले धुरी दिलेले मासे पोचले. अप्रतिम होते. पोस्टमन मात्र तेव्हापासून आमच्या फाटकापाशी श्वास रोखून येतो. माझ्या वाफ्यातले रुबार्बचे लाल देठ यंदा लवकर वर आलेत आणि एकूण माझं छान चाललंय. पत्र लिहायचं कारण म्हणजे टॅबिथा.

तुझी ही नात (माझी म्हणावं, तर तिला दगडांचा नाद तू लावलास) या उन्हाळ्यात परीक्षा देऊन शाळेचा एक टप्पा संपवेल. पुढची दोन वर्षं, म्हणजे सिक्स्थ फॉर्म, आपल्याच शाळेत काढायची की ऑल्डरफोर्डच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जायचं, हे ईस्टरच्या आत कळवायचं आहे. शाळा म्हणजे माझीच शाळा, आमच्या गल्लीच्या टोकाला. तिथल्या वरच्या वर्गात मोजकीच मुलं असतात. त्यांना स्वतःची खोली मिळते, एक खचलेला सोफा मिळतो, आणि पाण्याची किटली मिळते, जिला खालच्या वर्गातल्यांनी हात लावायचा नाही. आणखी काय हवं माणसाला? तर टॅबिथाला दगड हवेत. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात, शाळेत नाही. वरच्या वर्गांचे प्रमुख पेंडलबरी मला पोस्टात भेटले तेव्हा म्हणाले, “मिस्टर टॅटरसॉल, आमच्याकडे सगळं आहे हो. भूगोल आहे. भूगोलात दगड येतातच अधूनमधून.” मला ते पटलं. टॅबिथाला सांगितलं तर ती म्हणाली, “आजोबा, तसे ते तुमच्या मूत्रपिंडातही आले होते. त्याला शिक्षण म्हणतात का?”

तिच्या आईने, गिलियनने, मला बजावून ठेवलं होतं की बाबा, पोरीचं पोरीला ठरवू द्या, तुम्ही मध्ये तोंड घालू नका. मी कुठे घालतोय? मी फक्त टॅबिथा शाळा सुटल्यावर चार वाजता माझ्याकडे चहाला येते तेव्हा, मनुका घातलेल्या टीकेकचे पाव भाजता भाजता, दोन्हीकडचे गुणदोष निष्पक्षपणे मांडत होतो. म्हणजे शाळेचे गुण आणि कॉलेजचे दोष. ऑल्डरफोर्डची बस किती हेलकावते. कॉलेजात हजारभर मुलं, त्यात कोण कोणाला ओळखणार. आणि सगळ्यात कहर म्हणजे तिथे मास्तरांना नावाने हाक मारतात! वॉर्डल मास्तरांचं पाळण्यातलं नाव एगबर्ट होतं हे आम्हाला त्यांच्या थडग्यावर वाचल्यावर कळलं, आणि तेव्हासुद्धा वाचल्याबद्दल अपराधी वाटलं. (कॉलेजात गेली तर ती साडेपाचच्या बसने परत येईल, बस माझ्या फाटकावरून सरळ तिच्या घराकडे जाईल, आणि चारचा चहा बंद होईल. पण त्याचा इथे काहीएक संबंध नाही. मी शिक्षणाबद्दल बोलतोय.)

मग कॉलेजची खुली संध्याकाळ आली. पालकांनी यावं, बघावं, विचारावं. मी म्हटलं, मीही येतो. गिलियनने संशयाने पाहिलं, पण गाडीत जागा दिली. दारातच एका हसऱ्या मुलाने सगळ्यांच्या गळ्यात निळी फीत घातली आणि तिला नावाची चिठ्ठी लावली. जत्रेतल्या बक्षीसपात्र मेंढ्यासारखा मी आत गेलो. टॅबिथा तडक दगडांच्या खोलीत घुसली, गिलियन तिच्यामागे. मी दोष शोधायला मोकळा सुटलो. दुर्दैवाने भिंती स्वच्छ होत्या, मुलं दार धरून उभी राहत होती, आणि मला चहाची तल्लफ आली होती. तेवढ्यात कॅन्टीनमध्ये रांग दिसली.

ताई, तुला वेगळं सांगायला नको. आपल्या मुलखात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो आणि मग विचार करतो. मी उभा राहिलो. एवढे लोक उभे आहेत म्हणजे पुढे चहाच असणार. माझ्या मागेही लोक येऊन उभे राहिले, त्यामुळे आता निघणं म्हणजे त्यांच्या निर्णयावर शंका घेणं. कुठली रांग म्हणून विचारणं त्याहून वाईट, कारण मग इतका वेळ न विचारता का उभे होतात, हा प्रश्न आला. पुढच्या बाई मला म्हणाल्या, “तुम्ही जा ना आधी.” मी म्हटलं, “छे छे, तुम्हीच.” त्या म्हणाल्या, “तुमचा गुडघा दुखतोय वाटतं.” आता दुखणाऱ्या गुडघ्याला नाही कसं म्हणणार? असा मी एकेकाच्या दयेवर पुढे सरकत एका टेबलापाशी पोचलो. टेबलावर चहा नव्हता. मिस ओकोरो नावाची एक तरुण शिक्षिका होती. (मुलं तिला ग्रेस म्हणतात. मी एकदा म्हणून पाहिलं, जीभ वळली नाही.) ती म्हणाली, “या. साहित्याच्या वर्गाला नाव द्यायचंय ना? मोठ्या माणसांसाठी आमचा मंगळवारी दुपारी असतो.”

इतक्या लोकांनी मला वाट करून दिली होती, त्यांच्यासमोर “मी चहाला आलो होतो” असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “एखादी आवडती कविता?” आणि इथे, ताई, हात दाखवून अवलक्षण झालं. मी नदीची कविता सुरू केली. सुरुवातीला हळू आवाजात केली होती. पण नदी डोंगर उतरायला लागली की आवाज आपोआप चढतो, आणि पाणचक्क्यांपाशी मी डोळे मिटले. मागच्या रांगेत कोणीतरी एकदा खोकलं. आपल्याकडे त्याचा अर्थ खून होण्याची वेळ आली असा असतो, हे मला माहीत आहे, पण मी पुलाखाली होतो, थांबता येईना. समुद्र जवळ आला आणि माझ्या कानात झाकणं पडली. धडाड्! मी थांबलो. डोळे उघडले. मिस ओकोरो म्हणाली, “आणि शेवटचं कडवं?”

मी म्हटलं, “ते मी अजून ऐकलेलं नाही.”

तिने विचारलं, “कधीपासून?” मी सांगितलं. ती हसली नाही. तिने नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, “मग सप्टेंबरमध्ये या. मी वाचून दाखवीन, आणि वाचताना कोणाला उठू देणार नाही.”

मान वळवली तर रांगेच्या बाजूला टॅबिथा उभी. एका हातात दगड, दुसऱ्या हाताने तोंड झाकलेलं, कान रुबार्बसारखे लाल. तिच्यामागे तिच्याच वयाची पाच-सहा पोरं, आणि त्यातला एक उंच मुलगा अगदी आदराने म्हणाला, “हे तुझे कोण?” टॅबिथा म्हणाली, “ओळखत नाही.”

परतताना गाडीत गिलियन हसून हसून रस्ता चुकली. टॅबिथा खिडकीबाहेर बघत होती. बाहेरच बघत म्हणाली, “ठरलं माझं. मी शाळेतच राहते.” गिलियनने विचारलं, “आणि दगड?” ती म्हणाली, “आजोबा मंगळवारी कॅन्टीनमध्ये उभं राहून नदी सोडणार असतील, तर मला दगड नकोत. नमुन्याच्या दिवसालाही मी जाणार नाही.” (आवडेल की नाही ते बघायला एक दिवस कॉलेजात बसू देतात, त्याला हे नाव. तो आजच, गुरुवारी आहे.)

म्हणजे माझ्या मनासारखं झालं. शाळा जिंकली. पेंडलबरी खूश होतील. टॅबिथा काल चार वाजता आली, टीकेक खाल्ला, वर लोणी मागितलं, सगळं नेहमीसारखं. फक्त माझ्या खिडकीत तिने मांडून ठेवलेले दगड आहेत ना, त्यातला तू व्हिटबीच्या किनाऱ्यावर तिला पहिल्यांदा शोधून दिलेला तो वेटोळ्याचा, सापासारखा दगड तिने उचलला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाली, “हा तुम्हाला राहू दे, आजोबा. मी आता दोन वर्षं नकाशे रंगवीन.” मी म्हटलं, नकाशेही छान असतात. ती म्हणाली, “हो, छानच असतात.” भांडली असती तर बरं वाटलं असतं.

असो. इकडे सर्व आनंद आहे. तब्येतीला जप, स्कार्फ घे, मासे पुन्हा पाठवलेस तर पोस्टमनच्या वाटचे दोन जास्त घाल.

तुझा धाकटा भाऊ,
हॉरेस

ता. क. : ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की तू तिला दोन ओळी लिही. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल, पहिला दगड तुझा आहे. लिही की ऑल्डरफोर्डलाच जा. म्हणावं, आजोबांचं कवितेचं वेड उतरलंय, घसा बसलाय, गुडघा बस चढू देत नाही, काय वाटेल ते लिही. मी कॉलेजला फोन करून माझं नाव काढून टाकतो. शेवटच्या कडव्याशिवाय इतकी वर्षं निघाली, पुढचीही निघतील.

ता. क. दुसरा : आत्ताच फोन केला. मिस ओकोरो म्हणाली, “नातीसाठी नाव काढताय ना? त्या दिवशी तिचा चेहरा पाहिला मी. पण भूगर्भशास्त्रवाली पोरं मंगळवारी कॉलेजात नसतातच हो, दिवसभर कड्यांवर हातोडे मारत असतात. नाव आज खोडत नाही मी. नीट विचार करा आणि मग कळवा.” हे टॅबिथाला तूच कळव, मी सांगितलं तर तिला कावा वाटेल. आणि ताई, तू भाऊ म्हणून ओळखतेसच मला, तेव्हा हेही लिहून टाकतो : शाळेची किटली, खचलेला सोफा, एगबर्ट वॉर्डल, यातल्या कशाचंच मला इतकं वाटत नव्हतं. मला चारच्या चहाचं वाटत होतं. ते आपलं आपण सोसायचं असतं. तिने त्यासाठी नकाशे रंगवू नयेत.

ता. क. तिसरा : फाटकाशी ऑल्डरफोर्डची बस थांबली. इथे ती कधी थांबत नाही, कोणी घंटी मारली तरच. अजून अकराही वाजलेले नाहीत, या वेळी कोण असेल? पडदा सारून बघतोय. टॅबिथा आहे! गणवेश नाही, गळ्यात ती निळी फीत, हातात टीकेकची पिशवी. आता दाराच्या पत्रफटीला तोंड लावून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतेय : “आजोबा, उघडा! गेले मी शेवटी! तिथे मधेच तास रिकामे असतात, घरी जाऊ देतात! मला थेट एक वाजता परत जायचंय! आणि ती ग्रेस विचारत होती, नदीवाले आजोबा कोणाचे म्हणून. मी सांगितलं, माझे आहेत. पण कॅन्टीनमध्ये नाही म्हणायची, आधीच सांगते!”

ताई, पहिला ता. क. रद्द समज, दुसराही. आधी किटली ठेवू की आधी दार उघडू?

दार.